मागचे पाय नसलेली खुर्ची

लग्न होऊन भिलाईला आले त्याच आठवड्यात माझ्या पायाच्या करंगळीचं नख त्या खुर्चीनं उपटलं. भरदुपारी, लख्ख उजेडात. मी पाय धरून एका पायावर नाचत होते आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "खुर्चीले लागलं काय वं शालू?"

खुर्चीला! मी मनात म्हटलं, शालू, या घरात तुझा नंबर खुर्चीच्या खाली आहे. पुढं कळलं की सगळ्यांचाच आहे. त्यात माझा नवरा नागसेन म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगाही आला.

माझ्या सासूबाईंचं नाव मैनाबाई. वैशाली नगरात कोणालाही विचारा, 'खुर्चीवाली आजी' म्हटलं की दारापर्यंत आणून सोडतील. ती खुर्ची पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, दाराकडे तोंड करून असायची. काळ्या रंगाच्या जाड लोखंडी पाइपची. समोरून दोन पाय खाली उतरायचे, जमिनीला टेकून मागं वळायचे आणि मागं जाऊन एकमेकांना भेटायचे. बस्स. मागचे पाय नव्हतेच. बैठक हवेत राहायची. बैठक नि पाठ नवारीची, बाजेला असते तीच नवार, पांढरी, मध्ये एक निळा पट्टा. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी जुनी नवार काढून मैनाबाई स्वतः नवी विणायच्या. खुर्चीचं वजन एवढं की दोन माणसांशिवाय ती जागची हलत नसे. मी लग्न झाल्यापासून तिच्या भोवतीनंच झाडत आले.

मी शाळेत चित्रकला शिकवते. नागपूरच्या कॉलेजात आम्हाला जुन्या-नव्या वस्तूंचे आकार शिकवायचे, त्यात ही खुर्ची होती. हुबेहूब ही नव्हे, हिची परदेशी आजी म्हणा. शंभर वर्षांपूर्वी मार्ट स्टाम नावाच्या एका डच माणसानं गॅसच्या नळाचे तुकडे जोडून मागचे पाय नसलेली खुर्ची केली. बायकोसाठी केली, असं म्हणतात. त्याच सुमारास जर्मनीत मार्सेल ब्रॉयर नावाचा दुसरा एक जण आपल्या सायकलचं हँडल पाहून म्हणाला, पाइप असा वाकतो तर त्याची खुर्ची का होऊ नये? मग हा आकार नक्की कोणाचा यावरून तिकडं कोर्टकचेरी झाली. स्टाम जिंकला.

त्याआधीच्या भारी खुर्च्या आठवा. सिंहाचे पंजे, मोराचे पिसारे, मखमल. तशा खुर्चीवर बसलेला माणूस आधी कोणाचा कोण ते सांगतो आणि मग माणूस असतो. या खुर्चीनं ते सगळं झटकलं. नळाचा पाइप आणि टेकायला वेताची जाळी, एवढाच संसार. कारखान्यात होते, कोणीही घ्यावी, कोणीही बसावं. मला कॉलेजात ही खुर्ची आवडली ती यासाठी. आणि तिच्यावर बसलं की ती किंचित झुलते, तेही मला फार आवडायचं. आमच्या घरची मात्र झुलत नसे. खडकावर बसल्यासारखं वाटायचं.

मी हा सगळा इतिहास मैनाबाईंना सांगितला. त्यांनी शेंगा सोलता सोलता ऐकला आणि म्हणाल्या, "त्यानं बायकोसाठी केली, माह्या बापानं पोरीसाठी केली. कोर्टात कोनी गेलं नाही, एवढाच फरक."

त्यांचे वडील लहानू गोंदियाच्या अलीकडच्या एका गावचे. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली चांगली माणसं माझ्यावर रुसतील आणि वाईट माणसं खूश होतील. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा लहानू भिलाईला आले आणि पाइप-फिटर झाले. पहिल्या सुट्टीला गावी जाताना त्यांनी दुर्गच्या बाजारातून एक लाकडी खुर्ची घेतली. घरासमोर अंगणात ठेवली आणि तिच्यावर बसून चहा प्यायले. रस्त्यावरून जाणाऱ्या मोठ्या घरच्यांनी ते पाहिलं. संध्याकाळी आठ-दहा जण आले. त्यांनी लहानूंना मारलं नाही. कुऱ्हाड त्यांच्याच हातात दिली, त्यांच्याच हातानं खुर्चीची लाकडं करायला लावली आणि त्या जाळावर त्यांच्याच बायकोला भात रांधायला लावला. मैनाबाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. तो भात त्यांनीही खाल्ला. हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो.

लहानू बायको-पोरांना घेऊन भिलाईला परतले ते एकच ध्यास धरून. जळणार नाही, फुटणार नाही अशी खुर्ची बनवीन.

पुढं ते कुठल्याशा पाहुण्यांच्या बंगल्यात नळ दुरुस्त करायला गेले. तिथं पाइपची, मागचे पाय नसलेली खुर्ची होती. तिथला खानसामा मोकळा माणूस होता, म्हणाला, बस की. लहानू बसले आणि विंचू चावल्यासारखे उठले. खुर्ची हलली होती! आता पाइप-फिटर माणसाला काय ठाऊक? जो पाइप हलतो तो फुटणार, हेच त्यांचं शास्त्र. कारखान्यात लाइन थरथरली की लोक पळतात. त्यांना वाटलं, आकार झकास आहे पण माल कच्चा वापरलाय. म्हणून त्यांनी भिलाईतल्या पावर हाऊस बाजारातल्या भंगारवाल्याकडून वाफेच्या लाइनचा असतो तसला जाडजूड पाइप आणला. जगभर ज्या झुलण्यासाठी ही खुर्ची नावाजली गेली, तेच त्यांनी दोष समजून काढून टाकलं.

पाइप वाकवताना चपटा होऊ नये म्हणून त्यात वाळू ठासतात. वाळू ओली राहिली तर गरम करताना वाफ कोंडून पाइप फुटतो. म्हणून मैनाबाईंच्या आईच्या कढईत शिवनाथ नदीची वाळू भाजली गेली आणि ती कढई कायमची बाद झाली. वाळू बसावी म्हणून पाइपला लाकडी हातोडीनं ठोकायचं काम मैनाबाईंकडं होतं. "ठोकून ठोकून हात सुजले माहे," त्या सांगायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, तुमच्या वडिलांनी पातळ पाइप घेतला असता तर खुर्ची छान झुलली असती हो."

"आमच्या खुर्चीले झुलाची सवड नोहती, शालू. तिले टिकाचं होतं."

मागचे पाय नसण्याबद्दल लहानू म्हणायचे, आपल्यासारखीच हाय हे, मागं कोनी उभं नाही तरी पडत नाही. ती खुर्ची एकदा तरी गावी न्यायची असं ते म्हणत राहिले आणि म्हणता म्हणता गेले. मैनाबाईंचा भाऊ सुखराम गावच्या शेतीवर राहायला गेला, खुर्ची भिलाईला राहिली.

त्या खुर्चीच्या जिवावर मैनाबाईंनी घराला एक कायदा लावला. एक वर आणि एक खाली असं या घरात बसायचं नाही. बसायचं तर सगळे खुर्च्यांवर, नाहीतर सगळे सतरंजीवर. गॅस सिलिंडर आणणारा पोऱ्या असो की नळवाला, पाणी मागितलं की आधी त्या खुर्चीवर बसायचं, मग पाणी. एकदा भाजीवाली म्हणाली, दीदी, मेरे कपडे गंदे हैं. मैनाबाई म्हणाल्या, नवार धुता येते, बैठो. माझी मुलगी खुशबू हिंदीतच वाढलेली, ती मैत्रिणींना सांगते, "हमारे घर में कोर्ट लगता है."

स्वतः मैनाबाई एका शाळेत आया होत्या. स्टाफरूममध्ये मास्तरणींच्या खुर्च्या, आयांनी डबा व्हरांड्यात उकिडवं बसून खायचा. पहिल्याच महिन्यात त्यांनी एका रिकाम्या खुर्चीवर बसून डबा उघडला. मोठ्या बाई धावत आल्या, ही खुर्ची शाळेची आहे म्हणाल्या. "मीही शाळेचीच हाय," असं म्हणून मैनाबाईंनी भाकरी मोडली. निवृत्त होईपर्यंत त्यांची बढती झाली नाही. त्यांना त्याचं काडीचं दुःख नाही, मला मात्र आहे आणि त्या मोठ्या बाई भेटल्या तर मी ऐकवणार आहे.

तर अशा या घरात मागच्या उन्हाळ्यात चंदा आली. चंदा ही सुखराममामांची सून, गावीच राहते. राखीव जागेवर निवडून येऊन ती गावची सरपंच झाली तेव्हा मैनाबाईंनी आमच्या गल्लीत जिलेबी वाटली होती. चंदा आत आली, पाया पडली आणि खुर्च्या रिकाम्या असताना भिंतीला टेकून खाली बसली.

खोलीतली हवा बदलली ते मला कळलं. मैनाबाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "वर बस."

"राहू द्या आत्या, बरं वाटते खालीच."

"कावून बरं वाटते?"

"सवय झाली आता."

"कोनती सवय?"

मी पाणी दिलं, ते चंदा एका दमात प्यायली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ग्रामपंचायतीत सरपंचाची फिरती खुर्ची आहे. पहिल्याच दिवशी उपसरपंच म्हणाले, ताई, हिचं चाक ढिलं आहे, तुम्ही पडाल, मी सांभाळून बसतो. ते जे बसले ते उठलेच नाहीत. बाकीच्या खुर्च्या सदस्यांनी चंदा यायच्या आधीच भरलेल्या असतात. भिंतीशी एक सतरंजी असते. बसा म्हणून कोणी सांगत नाही. उभं राहून राहून पाय दुखतात, मग माणूस बसतो. सह्या मात्र सगळ्या तिच्याच लागतात, त्या सतरंजीवर आणून देतात.

"मी राजीनामा देऊन राहिली आत्या," चंदा म्हणाली. "येत्या सभेत देतो म्हणून सांगतलं बी. नागसेनदादाले विचाराले आली होती, कसा द्याचा असते तो."

नागसेन नुकताच ड्यूटीवरून आला होता. बूटही काढले नव्हते. त्याला आईचा चेहरा दिसला आणि तो घाईघाईनं म्हणाला, "आई, तू मधात नको पडू. तिले तिथंच राहाचं हाय, शेती हाय, लेकरं हाय. इथून भांडन लावून देनं सोपं हाय."

तो चूक नव्हता. पण मला त्याचा राग आला आणि मी तो दाखवलाही. मैनाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या खुर्चीजवळ गेल्या, पाइपवर हात ठेवला आणि विचारलं, "सभा कधी हाय तुही?"

सभेच्या दिवशी सकाळी आमच्या दारात छोटा हत्ती, म्हणजे मालाचा छोटा टेम्पो, उभा होता. नागसेननं आदळआपट करत सुट्टी टाकली होती. तो, मी आणि ड्रायव्हर अशा तिघांनी खुर्ची वर चढवली. वाटेत मैनाबाई पुढं ड्रायव्हरजवळ बसल्या, आम्ही दोघं मागं. राजनांदगाव गेलं, डोंगरगड गेलं, महाराष्ट्राची हद्द लागली. गाव जवळ आलं तसं त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. गाडी थांबली. त्या उतरल्या आणि मागं आल्या.

"मले वर चढवा," त्या म्हणाल्या. "माहा बाप या गावातून मान खाली घालून गेल्ता. मी खुर्चीवर बसून जाईन."

"आई, लोक हसतील," नागसेन म्हणाला.

"हसू दे. दात किती हाय ते दिसतीन."

खुर्ची दोरीनं बांधलेलीच होती. सत्तरीच्या मैनाबाई तिच्यावर ताठ बसल्या, मी एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं त्यांच्या मुलानं. गाडी मुद्दाम मोठ्या घरांच्या रस्त्यानं घ्यायला लावली. लोक ओट्यांवरून बघत होते. कोणी हसलं, कोणी मोबाइल काढला. एका म्हाताऱ्यानं तर काय कळलं कोणास ठाऊक, हात जोडले. मैनाबाईंनीही जोडले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, आणि भीतीपेक्षा जास्त मजा येत होती.

पंचायतीत सभा सुरू व्हायची होती. टेबलामागं फिरत्या खुर्चीवर उपसरपंच, खुर्चीच्या पाठीला टॉवेल टाकलेला. कडेनं सदस्य, ग्रामसेवक. भिंतीशी सतरंजी आणि सतरंजीजवळ उभी चंदा. दाराच्या पायरीवर हिरा नावाची एक म्हातारी तक्रार घेऊन बसली होती, गावाच्या कडेला तिची एकटीची झोपडी. नागसेन आणि ड्रायव्हरनं खुर्ची आत आणून टेबलासमोर टेकवली तेव्हा फरशी दणाणली.

उपसरपंच मोठे गोड बोलणारे. "या मावशी, या. हे काय आणलंत? अहो, फरशी फुटेल."

"सरपंचीनबाईले खुर्ची नाही म्हने गावात," मैनाबाई म्हणाल्या. "म्हनून भिलाईहून आनली."

"कोण म्हणतं? आम्ही कधी कोणाला खाली बसा म्हटलं का? विचारा सगळ्यांना. ताई आपल्या मनानं बसतात."

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि हे खरंच होतं, कोणी म्हटलेलं नव्हतंच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तोच मैनाबाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "चंदा, ये. बस."

चंदा पुढं आली. तिनं नवारीवरून हात फिरवला, निळ्या पट्ट्यावरून. ती बसेना. मला वाटलं, गेलं सगळं, ही आता राजीनामा काढते.

"नाही आत्या," ती म्हणाली. "मले हे खुर्ची नाही पाहिजे."

मैनाबाईंचा चेहरा उतरला. मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

चंदा टेबलाकडं वळली. "मले ते पाहिजे. तुम्ही बसले ते. माही हाय ते."

"अहो ताई, तिचं चाक..."

"पडली तं मीच पडन ना. उठा तुम्ही."

उपसरपंचांनी ग्रामसेवकाकडं पाहिलं. ग्रामसेवकाला एकदम समोरच्या कागदांत फार महत्त्वाचं काही दिसलं. सदस्य पंख्याकडं बघू लागले. कोणी मदतीला येईना, तसे ते सावकाश उठले. जाताना वळून पाठीवरचा टॉवेल काढून घेतला आणि म्हणाले, "हा माझा आहे."

"घेऊन जा," चंदा म्हणाली.

ती बसली. चाक खरंच ढिलं होतं, खुर्ची एका अंगाला कलली. चंदानं दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले, शिपायाला सांगितलं, उद्या हे चाक दुरुस्त करून आन, आणि सभेला सुरुवात केली. उपसरपंच थोडा वेळ टॉवेल हातात धरून उभे राहिले. सतरंजी रिकामी होती, पण तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही. शेवटी एका सदस्यानं सरकून त्यांना अर्धी जागा दिली.

"हिरामावशी," चंदानं दाराकडं हाक मारली, "तिथून नको सांगू. आत ये, त्या खुर्चीवर बस आन् सांग."

हिरानं खुर्चीला एक फेरी मारली. "इले मागचे पाय कुठं हाय वं? पडन ना मी."

"साठ वर्सं झाले," मैनाबाई म्हणाल्या, "कोनी पडलं नाही. बस."

हिरा आधी टोकावर टेकली, मग मागं सरकली, मग पाठ टेकवली. तिच्या घरापर्यंत नळ येत नव्हता, तेवढंच सांगायला ती कधीची येत होती. तिनं ते टेबलाच्या बरोबरीनं बसून सांगितलं, आणि सगळ्यांना ऐकावं लागलं.

सभा उठल्यावर उपसरपंचांनी विचारलं, "मावशी, खुर्ची परत नेताय ना?"

"आत्या, मी ठेवून घेऊ?" चंदानं विचारलं. "जो तक्रार घेऊन येईन तो हिच्यावर बसन. उभं कोनाले ठेवाचं नाही."

मैनाबाईंनी खुर्चीच्या पाइपवर एकदा थाप मारली. मग उपसरपंचांना म्हणाल्या, "ठेवली. आता तुमाले नसन पटत तं उचलून बाहेर ठेवा. एकट्यानं." आणि त्या रडल्या, सगळ्यांसमोर, पदर न लावता.

भिलाईला आलो. पुढच्या खोलीत खुर्चीच्या जागी फरशीवर एक उजळ चौकोन उरला होता. मी अजून त्याच्या भोवतीनंच झाडत होते. मैनाबाई संध्याकाळी तिथपर्यंत जायच्या, थांबायच्या आणि परत यायच्या. साध्या खुर्चीवर त्यांना बसवेना. नागसेन हे बघत होता. एका रविवारी सायकल काढून त्यानं दारातून विचारलं, "आई, पावर हाऊसले चाललो. पाइप आनतो, नवीन बनवू. आजोबानं आनला तसाच जाड पाहू ना?"

मैनाबाईंनी त्या चौकोनाकडं पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पातळ आन. आता मले झुलाचं हाय."